पूर्वेकडची हवेशीर खोली

घर सोडल्याशिवाय माणसाला ज्ञान होत नाही, यावर बहुतेक धर्मांचे एकमत आहे. घर सोडल्यावर राहायचे कुठे, याविषयी मात्र सविस्तर सूचना सापडत नाहीत. (झाडाखाली, असे एक जुने आणि थोर उत्तर आहे, परंतु अमरावतीत रस्ते रुंद झाल्यापासून ते अमलात आणणे अवघड झाले आहे.)

ललित इंगळे हा बाळापूर तालुक्यातला तरुण. अकोल्याच्या एका खासगी शाळेत गणित शिकवायचा. एक दिवस त्याने नोकरी सोडली आणि अमरावतीच्या एका धम्म विद्यालयात दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाला नाव घातले. धम्म शिकवणारी शिकलेली मुले समाजातून पुढे आली पाहिजेत, यावर त्याच्या वस्तीत कोणाचेच दुमत नव्हते. त्याचे वडील बुधाजी तर दरवर्षी चौदा एप्रिलच्या भाषणात हे ठासून सांगत. ही मुले कोणाच्या तरी घरातूनच निघावी लागतात, हा मुद्दा भाषणात वेळेअभावी राहून जात असे.

"तलाठ्याची भरती निघून राहिली, अन् तू भंते व्हाले चालला?" बुधाजी म्हणाले.

"भंते नाही बाबा. शिकून येतो. मंग गावोगाव शिकवीन."

"जाऊ द्या त्याले," केशरबाई म्हणाल्या. "पण डोकं आत्ताच भादरू नको बापा. तुह्या बहिणीचं, पायलचं लग्न हाये, फोटो निंगतात."

अशा रीतीने आईवडिलांचा आशीर्वाद मिळाला. अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त काही जवळ न ठेवणे, हे ललितला आधीपासूनच पटलेले होते. म्हणून त्याने सोबत फक्त गादी, शेगडी, ठेच्याची बरणी, पुस्तकांची ट्रंक आणि कूलर एवढेच घेतले. एसटीत कूलरला खिडकीची जागा मिळाली. ललित अमरावतीपर्यंत उभा होता.

विद्यालय चांगले होते. वसतिगृहही होते, पण त्याचे बांधकाम चालू होते. जगातील सर्व गोष्टी अनित्य आहेत, या सिद्धांताला हे बांधकाम एकमेव अपवाद होते. ते बरीच वर्षे जसेच्या तसे होते. तेव्हा विद्यार्थ्यांनी आपापली खोली पाहावी, असे ठरले.

खोली देण्याच्या बाबतीत हे शहर अत्यंत सुसंस्कृत आहे. घरमालक जात कधीही विचारत नाही. तो फक्त आडनाव विचारतो. वऱ्हाडात आडनावाने भागत नाही (इंगळे, वानखडे, तायडे ही आडनावे इकडे कोणीतरी समतेच्या तत्त्वावर सगळ्यांत वाटून ठेवली आहेत), म्हणून मग तो गाव विचारतो, त्यानंतर मामाचे आडनाव, आणि तरीही उलगडा झाला नाही तर घरी कोणता सण मोठा असतो, हे विचारतो. हे सर्व निव्वळ आपुलकीने.

पहिल्या ठिकाणी ललितचे उत्तर ऐकताऐकताच खोली भरली. दुसऱ्या ठिकाणी ती आधीच भरलेली होती, मालकांना ते मामाचे आडनाव ऐकल्यावर आठवले. तिसऱ्याने मात्र "आमी आमच्यातल्यालेच देतो" असे तोंडावर सांगितले. हा गृहस्थ शहरात नवीन असावा.

चौथे घर रामरावांचे. रामराव सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले. आता जातपात कुठे राहिली आहे, असे त्यांचे ठाम मत होते, आणि ते न विचारताही सांगत. ललित फाटकाशी आला तेव्हा ते ओसरीत पेपर वाचत होते. बाहेर ऑटोत कूलर होता. ऊन असे होते की ऑटोवाल्याने ओला दुपट्टा तोंडावर घेतला होता.

"काय करता?"

"धम्माचं शिक्षण घ्याले आलो काका. दोन वर्षं लागतील."

रामरावांच्या कानाने तो शब्द घेतला, त्यातला एक 'म' काढला आणि त्याजागी रफार बसवला.

"धर्माचं! या वयात! अवं सुभद्रा, पाय इकडे, पोरगा धर्म शिकाले आला. अन् आपल्या गोपालले सत्यनारायणाले बसवा म्हटलं तं सुट्टी भेटत नाही." मग ललितकडे वळून, "आडनाव?"

"इंगळे."

"बाळापूरकडचे?"

"हो."

"म्हंजे आमच्या साळ्याच्या गावाकडचे! मंग झालं तं!"

प्रश्नपत्रिका तिथेच संपली. ललितच्या तोंडात पुढचे वाक्य तयार होते. पण तोवर सुभद्राबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, आणि ऑटोवाला कूलर उतरवू लागला. ललितने खोटे काही सांगितले नाही. खरे पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगायचे राहिले, इतकेच.

खोली पूर्वेकडची, हवेशीर. ललितने कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली. रामरावांना ती पाहून आनंदच झाला, कारण तशीच एक त्यांच्या टीव्हीशेजारी होती. (घरात शांती राहावी म्हणून वास्तूवाल्याने सुचवलेली. शांतीसाठी बुद्ध ठेवणाऱ्या घरांची संख्या शहरात वाढत आहे, ही समाधानाची बाब आहे.) बाबासाहेबांचा फोटो मात्र ट्रंकेतच राहिला. भिंतीत खिळा ठोकायला मालकाची परवानगी लागते, असे ललित स्वतःला समजावत असे. रोज सकाळी ट्रंक उघडताना त्याला हे नव्याने समजवावे लागे.

रामराव त्याला 'महाराज' म्हणत. "अबे महाराज, जेवला काय बे?" असे ओसरीतून ओरडत. पावसाळ्यात ललितला डेंग्यू झाला. रामरावांनी त्याला स्कूटरवर मागे बसवले, आपल्या कमरेला धरायला लावले आणि दवाखान्यात नेले. खाट रिकामी नाही म्हणणाऱ्या नर्सशी भांडून खाट मिळवली. सलाईन संपेपर्यंत ते स्टुलावर बसून होते, आणि मधूनमधून ललितचे कपाळ हाताने पाहत होते. सुभद्राबाई रोज मुगाची खिचडी पाठवत. ललित अंथरुणात पडल्यापडल्या ठरवत असे की आज सांगून टाकू. मग खिचडी येई.

दसरा झाल्यावर बुधाजी आणि केशरबाई मुलाला भेटायला आले.

"राम राम!" रामराव हसत उठले. "या, या. पोरगा हिरा हाये तुमचा."

"जय भीम साहेब," बुधाजींनी हात जोडले.

केशरबाई खोलीत डोकावल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "काहून रे ललित, बाबासायबाचा फोटो कुठी हाये?"

ललितने ट्रंक उघडली. त्याला एकाच वेळी मेल्याहून मेल्यासारखे आणि अंगावरचे ओझे उतरल्यासारखे झाले.

यानंतर काहीही घडले नाही, हे नमूद केले पाहिजे. उलट आदरातिथ्य वाढले. चहात साखर जास्त आली, बशीत काजू आले. रामरावांनी पिकापाण्याची चौकशी केली. फरक फक्त व्याकरणात पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीतून आवाज आला, "ललितजी, आपलं जेवण झालं काय?"

ललितला चार महिन्यांत कोणीही इतका मान दिला नव्हता. तो खोलीत जाऊन बसला.

आठवडा संपायच्या आत रामराव स्वतः खोलीशी आले. दारात उभे राहिले. कारणे तीन होती: चांदूर रेल्वेचा पुतण्या शिकायला येणार, स्लॅबची दुरुस्ती निघाली, आणि त्या खोलीत कोणी झोपू नये असे वास्तूवाल्याचे म्हणणे. (जिथे कोणी झोपू नये तिथे पुतण्या कसा झोपणार, असा प्रश्न निघू शकतो, पण तो बहुधा जागून अभ्यास करणार असेल.)

"काका, खरं सांगा ना," ललित म्हणाला.

"माह्या मनात काईच नाही हो. मी तं मानतच नाही हे. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती हाये, तुमी पायली. पण लोक…"

"कोणते लोक?"

रामरावांनी रस्त्याकडे हात केला. दुपारची वेळ होती, रस्त्यावर कुत्रेही नव्हते.

"अन् दवाखान्यात नेलं त्याले," आतून सुभद्राबाईंचा आवाज आला, "तवा लोक गावाले गेले होते काय हो?"

रामराव आत गेले आणि त्यांनी टीव्ही लावला.

ललित वसतिगृहाच्या बांधकामात राहायला गेला. एका खोलीला छप्पर होते, दुसरीला दार होते. त्याने छप्पर निवडले. खिळा मात्र त्याने पहिल्याच संध्याकाळी ठोकला, विटेने.

विद्यालयात त्या सुमारास मैत्रीभावना हा विषय चालू होता. डोळे मिटायचे आणि आधी स्वतःचे, मग जिवलगाचे, मग अनोळखी माणसाचे आणि शेवटी ज्याने दुखावले त्याचे भले चिंतायचे. बाकीच्या विद्यार्थ्यांना दुखावणारा माणूस आठवायला वेळ लागत होता. ललितकडे तो पत्त्यासकट तयार होता. तरीही त्याचे जमेना. शेवटी त्याने हात वर केला.

"भंते, एकच माणूस दोन रांगांत येऊन बसला तं?"

"मंग त्याच्यासाठी दोनदा करा लागते," शिकवणारे भंते म्हणाले.

ललितने दोनदा केले. पहिल्या खेपेला कपाळावरचा हात आठवला आणि सोपे गेले. दुसऱ्या खेपेला 'ललितजी' ऐकू आले आणि त्याने डोळे उघडले. आता तो दुसऱ्या वर्षाला आहे. अजून रोज बसतो. कधीकधी दुसरी खेपही पुरी होते, असे म्हणतो.

रामरावांची खोली अजून रिकामी आहे. पुतण्या आला नाही, स्लॅब गळत नाही. वाचकांपैकी कोणाला अमरावतीत जागा हवी असल्यास अवश्य जावे. पूर्वेकडची आहे, नळाला पाणी आहे, शेजार शांत आहे. रामराव चहा देतील, गाव विचारतील, आणि दोन प्रश्नांत किल्ली हातावर ठेवतील. असा भला माणूस आजकाल मिळत नाही, असे मनाशी म्हणत आपण खोली झाडायला घ्याल. आणि त्यात आपले काही चुकणारही नाही. कारण आजवर ज्या ज्या घरमालकाने जास्त चौकशी न करता आपल्याला किल्ली दिली, तो प्रत्येक जण भलाच निघाला, नाही का?