सोनाक्काच्या चाळीस प्रश्नांची गोष्ट

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात एकदा सगळ्यांना बसायची सवय लागली, त्या वेळची ही गोष्ट आहे.

त्या जंगलात वाघोबा महाराज राज्य करत होते. एके दिवशी राजवैद्यांनी त्यांना सांगितलं, "महाराज, निम्मी प्रजा बसून असते. गुडघे धरले आहेत, दम लागतो आहे."

महाराज शिळेवर आडवे पडले होते. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी पडल्या पडल्याच हुकूम काढला आणि 'उठा-चला योजना' सुरू झाली. जो कळप बसलेल्या प्राण्यांना व्यायामाला लावील, त्याला सरकारी कुरणातलं गवत अनुदान म्हणून मिळणार होतं. ओढ्यापलीकडे मैदान आखलं गेलं. तिथल्या मातीत जितके पाय उमटतील, तितकं गवत.

पहिला अर्ज चितळांचा आला. अर्जात विचारलं होतं, 'यापूर्वी व्यायाम करत होता काय?' चितळांनी लिहिलं, 'नाही.'

सहा महिन्यांत मैदानात इतके पाय उमटले की मोजणारे थकले. दिवाणजी तरस खूश झाले. पण शेजारच्या जंगलाच्या राजाचं पत्र आलं. 'आपल्या योजनेचा उपयोग होतो का? होत असल्यास आम्हीही करू.' आता खात्री करून घेणं भाग होतं. मूल्यमापनाचं काम पांडोबाकडे आलं. पांडोबा म्हणजे खवल्या मांजर. अबोल, हळू चालणारा, पण सांगितलेलं काम पुरं करणारा.

पांडोबा आधी मैदानावर गेला. चितळांचा म्होरक्या रणधीर तिथे उभा होता.

"यातले योजनेआधी बसून असणारे किती?" पांडोबाने विचारलं.

"आमच्यात बसतो कोण?" रणधीर म्हणाला. "जो बसला, तो महाराजांच्या पोटात गेला."

"मग अर्जात 'नाही' का लिहिलंत?"

"आम्ही व्यायाम करत नव्हतो. जीव वाचवत होतो."

पांडोबाने ते लिहून घेतलं. मग तो खऱ्या बसलेल्यांच्या शोधात निघाला आणि सोनाक्का अस्वलिणीच्या गुहेपाशी आला.

सोनाक्का मोहाच्या झाडाखाली बसली होती. वरून पडेल ते फूल खायचं आणि पुढच्याची वाट बघायची, असा तिचा दिवस जायचा. पूर्वी ती रोज बहिणीबरोबर लांबच्या वारुळांपर्यंत चालत जायची. बहीण मुलाकडे दुसऱ्या रानात गेली आणि सोनाक्काचं चालणं थांबलं. आता तिला झाडावर चढता येत नव्हतं. दोन वर्षांत मध चाखला नव्हता.

"मैदानावर का येत नाही, आक्का?"

"एकदा गेले होते," ती म्हणाली. "ती पोरं म्हणाली, आक्का, कडेने चाला, वाट अडते. मग मी कडेकडेने घरी आले."

पांडोबाकडे चाळीस प्रश्न होते. तिसऱ्या प्रश्नालाच त्याच्या पोटात कावळे ओरडू लागले.

"आक्का, मला वारुळाकडे जायचंय. चालता चालता विचारू का?"

सोनाक्का कण्हत उठली. पहिल्या दिवशी दोन प्रश्न झाले आणि ती माघारी वळली. दुसऱ्या दिवशी तीन झाले. रोज वाट थोडी वाढत गेली. प्रश्न राहिले बाजूला. ती बहिणीबद्दल बोलायची, तो ऐकायचा. विसाव्या दिवशी प्रश्न संपले. एकविसाव्या दिवशीही पांडोबा आला, हातात कागद नव्हता. सोनाक्का गुहेबाहेर उभीच होती.

पावसाळ्याआधी ती ओढ्यापलीकडच्या वारुळापर्यंत पोचली. तिने ते पंजांनी फोडलं आणि पहिला वाटा पांडोबाला दिला. फार सुंदर वाळवी होती.

पांडोबाने अहवाल लिहिला. 'पळणारे पळत राहिले. बसलेले बसून राहिले. एक अस्वलीण उठली, ती योजनेमुळे नव्हे. तिच्या दारी कोणीतरी गेलं आणि तिच्याबरोबर चाललं म्हणून. तरी मैदान बंद करून बसलेल्यांच्या दारी सोबती पाठवावेत.'

दिवाणजींनी अहवाल दोनदा वाचला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "जरा लांबला आहे."

महाराजांपुढे गेला तेव्हा त्यात तीनच शब्द उरले होते. 'एक अस्वलीण उठली.'

महाराजांचे डोळे भरून आले. सोनाक्काचा सत्कार ठरला. तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत मंचावर बसवून ठेवलं. शेवटी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"मला पांडोबांनी चालवलं," ती म्हणाली.

पण तोवर चितळांनी टाळ्या सुरू केल्या होत्या.

योजना तिप्पट झाली. शेजारच्या जंगलानेही ती उचलली. पांडोबाला बढती मिळाली. त्याला कचेरीतली मोठी शिळा दिली. तिथे बसून आलेल्या पायांच्या नोंदी तपासायच्या आणि सही करायची.

सोनाक्का रोज सकाळी कचेरीशी यायची.

"चला, पांडोबा."

"आक्का, एवढ्या सह्या झाल्या की निघतो."

ती थोडा वेळ थांबायची आणि एकटीच वारुळाकडे निघायची.

वर्षभरात पांडोबाचे गुडघे धरले. त्याच सुमारास नवा नियम निघाला. प्रत्येक कळपात एक तरी खरा बसलेला प्राणी हवा. चितळांना असा प्राणी कुठे सापडणार? त्यांनी पांडोबाचं नाव घातलं.

वर्षअखेर नोंद तपासायला आली. 'पांडोबा खवल्या मांजर. मैदानाच्या फेऱ्या, चार हजार.' पांडोबाने ती वाचली. मग त्याने दुखणारा पाय सरळ केला आणि खाली सही केली.

तात्पर्य : मुलांनो, अनुदान नेहमी पळणाऱ्यालाच द्यावं. बसलेल्याला उठवायला गेलात, तर तो खरोखर उठतो. मग पुढच्या वर्षी योजना कोणासाठी काढायची?