सासरेबुवांचा खालचा लेयर

"पेढे काय, कुणीही वाटतं. मी साखरपुड्यात आमचं लग्न कसं जमलं त्याचं कॉमिक दाखवणार," असं गुलमंडीच्या मेघानं घरात जाहीर केलं, तेव्हा चित्रं काढायचं नवं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेऊन तिला जेमतेम एक दुपार झाली होती. पण तेवढ्यात तिच्या अंगात चांगलाच कलाकार संचारला होता.

त्या सॉफ्टवेअरमधले लेयर तिला फार आवडले. काचेवर काच ठेवावी तसं चित्रावर चित्र रचायचं. खालचं नकोसं झालं की एक टिचकी मारायची, ते गुडूप. कागदावर खोडरबर कितीही घासलं तरी डाग राहतो. इथं मात्र पाप केलं तरी पत्ता लागत नाही, असं मेघाला वाटलं.

म्हणून हात साफ करायला तिनं होणाऱ्या सासऱ्यांना घेतलं. पाचोडचे कारभारी म्हणजे ऐसपैस माणूस. अर्धे डोळे मिटून तासन्तास सुपारी चघळत बसायचे. मेघानं त्यांची म्हैस काढली. फेट्यातून शिंगं बाहेर, तोंडात रवंथ. एकटीच पोट धरधरून हसली, मग म्हैस लपवली आणि वरच्या लेयरवर आदरानं दुसरे कारभारी काढले. धारदार नाक, पिळदार मिशी, ताठ कणा.

सॉफ्टवेअर पहिल्या रेघेपासून सगळ्याचं गुपचूप चित्रीकरण करत होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. अख्खं कॉमिक काढून झाल्यावर शेवटी त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मेघाला ब्लाउज आणायला शिंप्याकडे जायचं होतं. तिनं सगळ्याला हो म्हटलं, आणि पेन ड्राइव्हमध्ये कॉमिकऐवजी ते चित्रीकरण गेलं.

साखरपुड्याला पाचोडच्या मांडवात मोठा टीव्ही लावला होता. नवरदेव प्रणयनं पेन ड्राइव्ह खुपसला. पुढच्याच खुर्च्यांवर कारभारी आणि त्यांच्या पत्नी भामाबाई.

पडद्यावर एक गोल पोट आलं. मग चार पाय. मग शिंगं, फेटा, अर्धे मिटलेले डोळे.

"हे तर आमचे मालक," भामाबाई शांतपणे म्हणाल्या.

मांडव खदखदला. मागून कुणीतरी म्हणालं, "चेहरा लई नेमका धरलाय." मेघाचे वडील हळूच चपला शोधू लागले. मेघानं रिमोटवर झडप घातली, तर नुसता आवाज वाढला. कारभारींचं सुपारी चघळणं थांबलं होतं.

तेवढ्यात म्हैस गेली आणि धारदार नाकाचे कारभारी उभे राहिले.

"ह्यो कोन?" कारभारींनी विचारलं.

"तुम्हीच, बाबा," मेघा कशीबशी म्हणाली.

"म्हशीपतूर पटत व्हतं. ह्यो नाकवाला आपल्या घरात कधी आला?"

"आला असता तर बरं झालं असतं," भामाबाई म्हणाल्या.

कारभारींनी बायकोकडं पाहिलं, मग टीव्हीकडं. "प्रणय, म्हागं घे. म्हैसच लाव."

म्हैस पुन्हा लागली. या खेपेला सगळ्यात मोठ्यानं कारभारीच हसले. मेघाच्या वडिलांनी पायात घातलेल्या चपला पुन्हा काढून ठेवल्या.

प्रणय मेघाच्या कानाशी लागला. "माझ्या चित्राच्या खाली काही नाही ना?"

"तुझ्या? छे, काहीतरीच," मेघा म्हणाली आणि पुन्हा रिमोट शोधू लागली.

पडद्यावर पुढची चौकट सुरू झाली होती. आधी दोन लांब कान आले.