गिरणीत गाणारी कमलआत्या

कुणाला गायला पेटी लागते, कुणाला तबला. आमच्या कमलआत्याला मिक्सर लागतो.

मिक्सर नसेल तर पाण्याची मोटरही चालते. कपडे पिळणारं वॉशिंग मशीन तर तिच्या खास आवडीचं. खडखडाट सुरू झाला की आत्याचा गळा उघडतो आणि यंत्र थांबलं की ओळ जिथं असेल तिथंच तुटते. आमच्या घरी शेंगाचटणी कधी धड होत नाही ती यामुळंच. दाण्यांना तेल सुटून गोळा झाला तरी मिक्सर बंद होत नाही, कारण कडवं संपलेलं नसतं.

"आत्या, बास की आता! चटणी आहे का पेढा?"

"थांब गं, धुरपद ऱ्हायलंय."

ही माझ्या पप्पांची थोरली बहीण. उभा जन्म अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात गेला. नवरा वारल्यावर पप्पांनी तिला शुक्रवार पेठेत आमच्याकडं आणलं. येताना तिनं दोन लुगडी, एक पितळी डबा आणि हा आवाज आणला. पण शांततेत तिला गा म्हणा, दातखीळ बसते. टीव्ही बंद करून आम्ही सगळे कान देऊन बसलो की ती आमच्याकडं अशी बघते, जणू आम्ही तिला रस्त्यात अडवलंय.

तिचं लाडकं ठिकाण म्हणजे गल्लीच्या तोंडाची इरण्णांची पिठाची गिरणी. गहू ती कधी एकदम दळून आणत नाही. थोडे थोडे नेते. "पीठ लवकर खराब हुतंय," असं कारण सांगते. इरण्णा मात्र सगळं ओळखून आहेत. "अक्का, तुमी आल्या की माजा पट्टा बी सुरात फिरतोय बगा," असं म्हणतात आणि आत्याचा डबा मुद्दाम शेवटी घेतात, म्हणजे तिला जास्त वेळ मिळतो.

मोठी पंचाईत झाली ती माझ्या भावाच्या हळदीला. कुणीतरी जाहीर केलं, आता कमलआत्या गाणार. टाळ्या झाल्या, माइक हातात आला आणि सगळा मांडव चिडीचूप. आत्यानं तोंड उघडलं. आवाजच नाही. पुन्हा उघडलं. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "अरं, कायतरी चालू करा की!"

डीजेवाल्याला वाटलं, तिला संगीत हवंय. त्यानं लावलं. आत्या मान हलवायला लागली, हे न्हाय, हे न्हाय. मग अंगभर हळद लागलेला माझा भाऊ तसाच उठला, मोटरसायकल मांडवात आणली आणि किक मारून जोरात रेस करत बसला. आत्याचा चेहरा एकदम उजळला. तिनं सगळं गाणं म्हटलं. एक अक्षर कुणाला ऐकू आलं नाही. मांडव धुरानं भरला, नवरीकडचे पाहुणे खोकत बाहेर पळाले. आत्या मात्र घाम पुसत, समाधानानं खुर्चीत येऊन बसली.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती गहू निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि सरळ विचारलं, "आत्या, हे असं कधीपासनं गं?"

आधी ती हसली. मग ताटातले खडे बाजूला काढत सांगायला लागली.

"आमचा बाप रातपाळीला. दिवसा झोपायचा. खोली एकच. आमी पोरं दिवसभर कुजबुजत बोलायचो. भांडायचं झालं तरी कुजबुजत. तुजा बाप मला चिमटा काढायचा आन् मी बोंब न मारता रडायची. आयेला डबा द्यायला मातर मी कारखान्यात जायची. आय मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. सगळे माग चालू. तितं आपलं बोलनं आपल्यालाच ऐकू येत न्हाय. येक दिवस डबा ठिवला आन् मनात आलं, हितं कोन मला गप बस म्हननार? जयंतीला गल्लीत लागायचं ते भीमगीत म्हनाया लागली. आदी हळू, मग जोरात, मग पार गळ्याच्या शिरा तानून. तवा कळलं बग, आपल्याला गाता येतंय."

"पण ऐकूच येत नव्हतं, तर कळलं कसं?"

"हितं कळलं." तिनं छातीवर हात ठेवला. "निस्तं थरथरत हुतं."

"आणि आजी? तिनं बघितलं?"

आत्याचा हात ताटात थांबला.

"बघितलं की. मागावरची मानसं ओठ बगून बोलनं वळखत्यात. तिनं मान वर केली. मला वाटलं, आता रागावती. तर तिचे बी ओठ हलाया लागले. शब्दाला शब्द. हात कांडीवर आन् डोळे माज्याकडं. मग रोजच. मी डबा ठिवायचा आन् दोगींनी गायचं."

"घरी नाही गायलात कधी?"

"घरी बाप झोपल्याला. आन् तेची रातपाळी कायमची सुटायच्या आदीच आय वारली." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "लई गायलो आमी दोगी. पर आयेचा गायचा आवाज कसला, मला ठावं न्हाय. जाड हुता का बारीक, कुनाला म्हाईत. यंतर सुरू झालं की वाटतं, बसलीय समोर."

पुढच्या रविवारी गव्हाचा डबा मी उचलला. आत्या मागून आली. इरण्णांनी गिरणी सुरू केली, जमीन हादरायला लागली आणि आत्यानं डोळे मिटून सूर लावला. मी पलीकडच्या बाजूला, तिच्या बरोबर समोर जाऊन उभी राहिले. ते भीमगीत घरात इतक्यांदा कानावर पडलेलं, की पाठच होतं. मीही म्हणायला लागले. मला गाता येत नाही. शाळेत असताना मला समूहगीतातसुद्धा नुसते ओठ हलवायला सांगायचे. पण इथं कोण ऐकणार होतं?

आत्यानं डोळे उघडले. माझ्या ओठांकडं बघितलं. क्षणभर ती थांबलीच. मग पुन्हा गायला लागली, माझ्यावरची नजर न काढता. तिच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. मीही जीव खाऊन ओरडत होते.

आणि इरण्णांनी बटण बंद केलं.

आत्या सवयीनं गप्प झाली. मला कुठली सवय? माझा आवाज तसाच उघडा पडला, बेसूर, भसाडा, गिरणीभर. पीठ न्यायला थांबलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मी ओशाळून तोंड मिटलं.

आत्या माझ्याजवळ आली. पदरानं माझ्या गालावरचं पीठ पुसलं.

"जाड हाय की गं आवाज," ती हळूच म्हणाली. "आयेचा बी असाच असंल."

पिठाचा डबा मी एका हातात धरला होता. दुसरा हात तिनं घरापर्यंत सोडलाच नाही.