अर्धा कप आणि उजवा डोळा

सुपडू पाटलांच्या रोशनीचं लग्न झालं, त्या वर्षी कळसाडीत एक गोष्ट कायमची ठरून गेली. आजारी माणसाला एकटं टाकणं हे पाप आहे, आणि त्याला भेटायला आलेल्याला बिनसाखरेचा चहा देणं हे त्याहून मोठं पाप आहे. पहिलं पाप गावात कुणी केलं नाही. दुसरं करायची सुपडूंच्या बायकोची, तापीबाईंची, फार इच्छा होती. पण घर अब्रूदार होतं.

लग्नाच्या पत्रिका वाटताना सुपडूंना अक्षरांवर काळे ठिपके तरंगताना दिसू लागले. जावयाच्या नावावर माशी बसली म्हणून त्यांनी ती दोनदा झटकली. (माशी उडाली नाही, व्याही मात्र नाराज झाले.) लग्न उरकल्यावर नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाईंनी थेंब टाकून बराच वेळ आत पाहिलं आणि सांगितलं, की डावा डोळा बराचसा गेला. उजवा राहू शकतो. महिन्याला एक इंजेक्शन वेळेवर घ्यायचं आणि साखर ताब्यात ठेवायची.

सुपडूंना बाकी कशाचं फार वाटलं नाही. पण कुणी हात धरून आपल्याला शेतात नेणार, हे त्यांना चालणार नव्हतं. त्यांच्या वडिलांना शेवटी असंच नेत. केळीत उभं केलं की म्हातारा पान चाचपून "चांगली शे" म्हणायचा, आणि तो शेजाऱ्याच्या केळीत उभा असायचा.

साखर रक्तात, मग डोळ्याने काय केलं, असं त्यांनी विचारलं. बाईंनी समजावलं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या शरीराच्या राखणदार. काही इजा झाली की धावून जाणं हे त्यांचं काम. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की डोळ्याच्या पडद्यातल्या केसाहून बारीक नळ्या आतून दुखावतात. राखणदारांना वाटतं, चोर शिरला. त्या धावतात, नळीच्या भिंतीला चिकटून बसतात, आणखी राखणदार बोलावतात. चोर सापडत नाही. पण आल्यासारखं काही केल्याशिवाय जायचं कसं? मग सूज येते, नळी तुंबते, भिंत पाझरते, आणि शेवटी भलत्या जागी कच्च्या नळ्या फुटून डोळ्यात रक्त सांडतं.

सुपडू म्हणाले, "बाई, ही तर आमनी भावकी व्हयनी."

"ती कशी?"

"कोनी बलावेल नही, काम काही नही, पन उठतस नही."

"हो, आणि इंजेक्शन म्हणजे त्यांना उठवून घरी पाठवणं," बाई म्हणाल्या.

गावात बातमी पोचली आणि भावकी धावली. चुलतभाऊ अमृत पाटलांनी ओट्यावर बसून भेटीचं काम हाती घेतलं. या कामाचे नियम पूर्वीपासून पक्के आहेत. आलेल्याने चहा घेतलाच पाहिजे. आजाऱ्याने सोबत घोट घेतलाच पाहिजे, नाहीतर पाहुणा मनात धरतो. पाहुण्याने जाण्यापूर्वी एक औषध सांगायचं आणि मधुमेहाने मेलेल्या निदान एका माणसाचं नाव घ्यायचं. कुणी कारल्याचा रस आणला, कुणी जांभळाच्या बियांची भुकटी, एका मावसबहिणीने मेथीचे लाडू (गूळ घालून, नुसती मेथी कडू लागते). पथ्यं रोज वाढत होती, साखर पथ्यांच्या पुढे धावत होती. आलेल्याला एकट्याने कप उचलायला संकोच वाटू नये म्हणून अमृत प्रत्येकासोबत स्वतः एक कप घेत. त्यांचा त्याग मोठा होता.

सुपडूंनी कप बाजूला सारला की अमृत म्हणत, "घोटभर ले रे भाऊ. साखर दुखस नही, मन दुखस."

इंजेक्शनच्या पहिल्या तारखेला सुपडूंना एकटं पाठवणं शक्यच नव्हतं. दोन जीपा भरल्या. वाटेत प्रकाशा गावाला चहासाठी थांबणं झालं. दवाखान्यात साखर तपासली, तर यंत्राने आकडाच दाखवला नाही. एवढी साखर मोजणं त्याच्या नोकरीत बसत नव्हतं. बाईंनी ती उतरवून यायला सांगून परत पाठवलं. दुसऱ्या तारखेला नवापूरची आत्या कोंबड्यांची शेड नोकरावर टाकून खास भेटायला आली. पाहुणी घरात असताना आजाऱ्याने घर सोडायचं नसतं. ती उठली तेव्हा दवाखाना बंद झाला होता.

तिसऱ्या तारखेला सकाळी जीपा पुन्हा दाराशी लागल्या. तापीबाई ओट्यावर आल्या.

"यासना डोया जाई ऱ्हायना, अन् तुम्हना आरधा कप संपस नही."

"वहिनी, आम्ही परका शेत का?" अमृतनी विचारलं.

"परका ऱ्हातात तर बरं व्हतं."

नवराबायको एसटीने निघाले. तापी नदीच्या पुलावर सुपडूंनी खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "पानी लाल काबर शे?"

पौषाचा महिना होता. पाणी निवळशंख होतं. तापीबाईंनी नवऱ्याच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गढूळ शे. वर कोठे पाऊस पडना व्हई."

त्यानंतर मोठ्या शहरात ऑपरेशनही झालं. सुपडूंना दार आणि भिंत यांतला फरक आता कळतो, ऊन असेल तर. तापीबाई त्यांचा हात धरून शेतात नेतात; आपल्याच केळीत नेतात, एवढं त्यांनी कबूल करून घेतलं आहे.

डोळा का गेला याचा भावकीने कसून विचार केला. दोन कारणं निघाली. एक, त्या दिवशी ते एकटे गेले. दोन, पुष्कळ लोक भेटायला आलेच नाहीत. न आलेल्यांत तुमचं नाव वरच होतं. पुढच्या वेळी कसर राहू द्यायची नाही, असं एकमताने ठरलं.

पुढची वेळ लवकर आली. अमृतनी साखर कधी तपासली नव्हती. धडधाकट माणूस कशाला तपासतो? उन्हाळ्यात पायाला काटा लागला, तो त्यांना कळला नाही. पाय काळा पडला, ताप चढला, आणि गाव लोटलं. दुपारी रुग्णवाहिका आली. सुपडू आपल्या ओट्यावर बसून तिचा भोंगा ऐकत होते. तो बराच वेळ एकाच जागेवरून येत होता.

"काबर थांबनी ती?" त्यांनी विचारलं.

"गल्लीमा भावकी उभी शे," तापीबाई म्हणाल्या.

माणसं बाजूला झाली, पण गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल आडवी लावलेली होती. तिचा मालक आत होता, भेटायला आलेला, हातात कप. या वेळी तुम्ही आलात, याचं सगळ्यांना बरं वाटलं.

अमृत पाटील वारले, आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी, दुपारी.