गुरुवारच्या बैठकीचं इतिवृत्त

तपासणीस ऑकेनडन बाई खोलीत शिरल्या, तेव्हा कुलसचिव मॅल्कम थ्रेलफॉल तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघत होता. नवा नियमच तसा होता. चौकशीत दोष निघाला, तर चौकशीचा सगळा खर्च, तासाच्या हिशेबाने, विद्यापीठाने भरायचा. वर कुलगुरू हिल्डा ब्रॅथवेट यांनी सकाळीच बजावलं होतं, "मॅल्कम, दोष निघाला तर तुमची खुर्ची गेली म्हणून समजा."

"चहा घेणार?" मॅल्कमने विचारलं.

"त्याचाही वेळ धरला जातो हो," बाई म्हणाल्या.

चहा नको म्हणणाऱ्या बाईशी काय बोलावं, हे मॅल्कमला एकतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

तक्रार किरकोळ होती. निकाल उशिरा लागतात, असं काही विद्यार्थ्यांचं म्हणणं. दुपारपर्यंत बाईंनी सगळे कागद बघितले. "स्वच्छ आहे सगळं. परीक्षा समितीची इतिवृत्तं बघते, आणि निघते."

'निघते' ऐकून मॅल्कम हरखला. एकेक कागद काढत बसलो तर अर्धा तास जाईल, म्हणून त्याने अख्खी फाइलच बाईंपुढे ठेवली. स्वतःच्या हुशारीवर तो खूश होता. ही खुशी चार मिनिटं टिकली.

"ही बैठक गुरुवारची आहे," बाई म्हणाल्या.

"हो, गुरुवारचीच."

"आज मंगळवार आहे, थ्रेलफॉल. गुरुवार अजून यायचाय."

मॅल्कमने कॅलेंडरकडे पाहिलं. तेही मंगळवारच म्हणत होतं. कुठल्याही समितीच्या बैठकीआधी इतिवृत्त लिहून ठेवायचं, सभासदांनी माना डोलवायच्या, आणि साडेबाराला सगळ्यांनी जेवायला जायचं, ही त्याचीच पद्धत.

बाई वाचू लागल्या, "'चौकशीत दोष न आढळल्याबद्दल समितीने दीर्घ चर्चेअंती समाधान व्यक्त केले.' वा! आणि डॉ. ऑर्मरॉड सर्दीमुळे गैरहजर? त्यांना सांगितलंत का?"

"नाही, पण नोव्हेंबरात सर्दी होतेच त्यांना," मॅल्कम पुटपुटला.

दोष निघाला. बिल आलं. मॅल्कमचं काय करायचं, हे सोमवारी कार्यकारी समिती ठरवणार होती.

सोमवारी तो कोरा कागद घेऊन बसला. स्वतःच्या हकालपट्टीचं इतिवृत्त आधी लिहायला त्याचा हात धजला नाही.

"बरं, काय ठरलंय आपलं?" एका सभासदाने सवयीने विचारलं.

"ते आज तुम्हीच ठरवायचंय," मॅल्कम म्हणाला.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग कुणीतरी खिडकी लावायला सांगितली. दुसऱ्याला गुदमरायला लागलं. खिडकीवर पाऊण तास वाद झाला, मत घेतलं, बरोबरी झाली. साडेबारा वाजले.

"अहो, करा ना काहीतरी!" हिल्डाबाई ओरडल्या.

"पुढच्या बैठकीत घेऊ," सगळे उठतच एका सुरात म्हणाले.

मॅल्कमने तेवढंच लिहून घेतलं. निवृत्त होऊन त्याला आता चार वर्षं झाली. विषय अजून समितीपुढे आहे.