भोईरांचं शून्य

भोईरांसमोर जरा वेळ गप्प बसलात, तर ते उठून तुमच्या नाकापुढं बोट धरतील. श्वास चालू आहे का बघायला. "बोलत राहा रे," म्हणतात, "काय न्हाय तर काय न्हाय म्हना, पन म्हना!" एकदा जेवणानंतर माझा डोळा लागला, तर या गृहस्थांनी माझ्या तोंडावर पाणी मारलं.

भोईर आणि मी टेमघरच्या ज्या कारखान्यात आहोत, तिथं गोदामांसाठी धूर ओळखणारी यंत्रं बनतात. गोदामात किती धूर आहे हे ती दर मिनिटाला आमच्याकडं कळवतात, पण आत मेमरी इवलीशी. म्हणून संदेश असा आवळून बांधायचा की धूर शून्य असेल तर ते शून्य पाठवायचंच नाही. काही आलं नाही म्हणजे शून्य, असं आपण इकडं समजायचं. भोईरांना हे ऐकूनच घाम फुटला. "आनि यंत्रच जळला तर? तवा पन काय येनार न्हाय!"

मालक वैतागले. "भोईर, मेमरी काय माझ्या खिशातून काढू?"

भोईर आठवडाभर त्या संदेशालाच चिकटून बसले. संदेशातलं गोदामाचं लांबलचक नाव उडवलं, नुसता क्रमांक ठेवला आणि वाचलेल्या जागेत शून्य बसवलं. मग पडद्यावर दर मिनिटाला येणारी शून्यं बघत ते चहा प्यायचे. आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल केली.

गेल्या महिन्यात भर दुपारी काल्हेरच्या एका गोदामाची शून्यं थांबली. भोईर उठले. चेहरा पांढराफटक. "मालती तितंच हाय."

त्यांची बायको त्या गोदामात पॅकिंगला आहे, हे मला तेव्हा कळलं. कामगारांचे मोबाइल गेटवर जमा असतात आणि गेटवरचा फोन कुणी उचलेना. मी स्कूटर काढली. ट्रकांच्या रांगेतून वाट काढताना मी सारखा आभाळात धूर शोधत होतो. भोईरांनी मागून माझा खांदा गच्च धरला होता. ते एक अक्षर बोलले नाहीत. खरं सांगतो, मला रडू येईल असं वाटत होतं.

गोदाम शाबूत होतं. कुणीतरी यंत्राचा प्लग काढून तिथं पंखा लावला होता. मालतीवहिनी खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या.

"तुमी? ड्युटी सोरून कशाला आलाव?"

"यंत्र बघायला."

यंत्राकडं भोईरांनी पाहिलंसुद्धा नाही. वहिनींच्या शेजारी खाली बसले, एक पट्टी उचलली आणि खोकी बंद करायला लागले. पट्टी वाकडी जात होती. वहिनी ती काढून पुन्हा सरळ लावत होत्या.

प्लग मी लावला.