पुन्हा चढवण्याबाबत

पडणाऱ्यांपेक्षा, पडलेल्याचं काय करायचं हे ठरवणारी माणसं नेहमीच जास्त असतात; या सुंदर व्यवस्थेलाच कार्यालय म्हणतात.

अशाच एका कार्यालयात सकाळी अकराला सुतारमामा संस्थापकांची घोड्यावर बसलेली तसबीर टांगत होते. शिडी सरकली. तसबीर खाली आली आणि मामा शेजारच्या उंच कपाटावर कोसळून तिथंच अडकले. (संस्थापकांना काही लागलं नाही. मामांचा घोटा सुजला.)

तातडीचा अहवाल वर गेला. साहेबांचा शेरा आला, एकच इंग्रजी शब्द: ‘रिमाउंट’. मराठी केल्याशिवाय शेऱ्यावर हालचाल करायची नाही असा नियम, म्हणून फाईल भाषांतरवाल्या बाईंकडे आली. बाईंनी शब्दकोश उघडला. घोड्यावर पुन्हा स्वार होणे. तसबीर पुन्हा चौकटीत बसवणे. नाटक पुन्हा रंगभूमीवर आणणे. शिवाय, नाम म्हणून: बदली घोडा.

पाच जणांची समिती बसली. मतं सहा पडली (अध्यक्षांची दोन होती). सांस्कृतिक विभागाच्या मते मामांनी पुन्हा पडावं, पण या खेपेस निमंत्रणपत्रिका काढून. भांडार विभागाने घोड्यासाठी जिन्याखालची जागा मोजली. शिडी मात्र कोणी लावेना. आदेश चढवण्याचा, उतरवलं तर अवज्ञा!

तीन वाजता बाई कपाटापाशी गेल्या.

“मामा, फार दुखतंय का हो?”

“दुखण्याचं राहू द्या, बाई. आधी मला खाली घ्या, मग त्या शब्दाला हवं तिथं चढवा!”

सव्वीस वर्षांत बाईंनी काना इकडचा तिकडे केला नव्हता. जागेवर येऊन त्यांनी लिहिलं: ‘रिमाउंट (क्रियापद): सन्मानाने खाली उतरवणे.’ आणि खाली सही केली.

चार मिनिटांत मामा जमिनीवर.

चौकशीत साहेब म्हणाले, “मी तसबिरीबद्दल लिहिलं होतं. माणूस पडल्याचं अहवालात होतं कुठं?”

खरंच नव्हतं. बाईंना ताकीद मिळाली. सही झालेलं भाषांतर रद्द करता येत नसल्याने तो अर्थ मात्र कायम झाला, आणि त्यावर दोन परिसंवादही झाले.

मामांचा घोटा बरा झाला का, हे समितीने अजून विचारलेलं नाही. पण तिला नावं ठेवू नयेत. इथवर वाचत आलेल्यांपैकी तरी कोणी विचारलं?